नानांची माणसं

नाना तुम्हाला माहीत आहेत. तुमच्याकडे त्यांना काका, अण्णा नाहीतर भाऊसाहेब म्हणत असतील, इतकंच. शेजारी काही बिघडल्याची नुसती कुणकुण लागली की हे फाटकाशी हजर. बिघाड काय आहे ते अजून घरच्यांनाही कळलेलं नसतं, आणि नानांच्या हातात मोबाईल आलेला असतो. "थांबा. कुणाला बोलवू नका. आपला माणूस आहे."

हापूसला नानांचा माणूस आहे, आरटीओत आहे, रूट कॅनॉलला आहे, पितृपक्षात ऐनवेळी गुरुजी मिळवून देणारासुद्धा आहे. एकदा मला त्यांच्या मोबाईलमध्ये डोकावायला मिळालं. नावं अशी होती: 'आंबा आपला', 'दात आपला', 'पासपोर्ट आपला'. त्याखाली 'वैकुंठ आपला' दिसलं आणि मी पुढे वाचलं नाही. नंबर मात्र ते कुणाला देत नाहीत. "तुम्ही फोन केलात तर फुल रेट लावेल. माझ्याकडून जाऊ दे."

यंदा थंडीच्या तोंडावर आमच्या गच्चीवरचा सोलर गेला. जुना, चपट्या पेटीचा, आत तांब्याच्या नळ्या. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी त्या आतून बुजत आल्या होत्या आणि अंघोळीला पाणी कोमट, मग गार यायला लागलं. मी एका डीलरकडे कोटेशन मागितलं. हे कळल्यावर नानांनी हातातला चहा खाली ठेवला. आमच्या पाहण्यात असं पहिल्यांदाच झालं.

"डीलर? आपला माणूस असताना?"

आपला माणूस सांगितलेल्या दिवशी आला नाही. पुढच्या आठवड्यात आला आणि दारातच विचारता झाला, "नाना कोण?" नाना माझ्या मागेच उभे होते. "सीझन आहे," ते मला म्हणाले, "बिचाऱ्याच्या डोक्यात शंभर गिऱ्हाइकं असतात."

माणूस जाणकार होता, हे मान्य करायला हवं. म्हणाला, पाणी जड आहे, परत तांबं घालू नका. काचेच्या नळ्यांचा घ्या, क्षार साचले तर नळी काढून धुता येते. नाना म्हणाले, माझंही हेच मत. आणि देखरेखीसाठी त्यांनी गच्चीत खुर्ची टाकली.

"तोंड पश्चिमेला करा. दुपारचं ऊन कडक असतं."

"काका, पुण्यात सूर्य वर्षातला बराच काळ दक्षिणेकडूनच जातो. तोंड दक्षिणेलाच पाहिजे."

"मग टाकी तरी खाली घ्या. वाऱ्यानं पडेल."

"काका, याला पंप नसतो. तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं. टाकी खाली घेतली तर ते चढणार कुठं?"

नाना माझ्या कानाशी आले. "बघितलंत? दुसरा कोणी इतकं समजावून सांगतो का? आपला माणूस आहे."

मग कुठलंसं रबरी वायसर मिळेना आणि आपला माणूस गायब झाला. नानांचे फोन तो उचलेना. घरात गीझर नाही, आई ऐंशीच्या पुढची. दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात नाना, हातात कढत पाण्याची बादली, वर ताट झाकलेलं. "ओता लवकर, निवतंय." काम संपेपर्यंत रोज सकाळी त्यांनी ती बादली आणली, दुखऱ्या गुडघ्यांनी, आमच्या सात पायऱ्या चढून. हे सांगायला मी फारसा उत्सुक नव्हतो. हे सांगितलं की त्यांच्याविषयी वाकडं लिहायला हात धजत नाही.

नाना निवृत्तीपर्यंत एका सरकारी कचेरीत खिडकीमागे बसायचे. 'आपला माणूस आहे आत' असं म्हणत लोक लांबून यायचे, ते नानांच्याच भरवशावर. आता त्यांचा फोन वाजतो तो बहुधा कर्ज हवंय का विचारायला. बाकीचे फोन त्यांनाच करावे लागतात.

सोलर आता उत्तम चालतो, पाणी विसणावं लागतं. डीलरचं कोटेशन मागाहून ईमेलनं आलं. तेवढ्याच लिटरचा, पाच वर्षांच्या हमीचा, आणि आपल्या माणसापेक्षा चांगलाच स्वस्त. मी ते डिलीट केलं. नानांची गाठ पडली तर तुम्हीही एवढं बोलू नका.