हेड घासावे कसे : पर्वत पाटियाच्या होतकरूंसाठी

आधी जुनी, कार्बोरेटरवाली मारुती 800 मिळवा. सुरतेच्या पर्वत पाटियातल्या खान्देशी घरात ती बहुधा काकांची असते. काका रेल्वेने अमळनेरला लग्नाला गेले की मुहूर्त साधावा. निघताना ते "गाडीला हात लावू नको" म्हणालेले असतात. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, हा गाडीचा आतला भाग आहे, असा अर्थ लावावा.

तीन सिलिंडर, व्यास 68.5 मिमी, पिस्टनची धाव 72 मिमी. गुणाकार केला की 796 सीसी भरतात. गाडीच्या मागे 800 लिहिलंय, म्हणजे 4 सीसी कंपनीकडे बाकी आहेत. कोणी हसलं तर कोइम्बतूरच्या करिवर्धन यांचं नाव घ्या : त्यांनी याच मारुतीच्या इंजिनावर फॉर्म्युला मारुती ही रेसची गाडी उभी केली. तेही कापडधंद्याच्या घरातलेच, हे सुरतेत आवर्जून सांगावं.

हेडचे बोल्ट बाहेरून आत सोडतात आणि मधून बाहेर आवळतात, तेही टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने. उलट केलंत तर हेड पापडासारखं वाकेल.

आता मुख्य काम, पोर्ट (हवा आत येण्याच्या आणि धूर बाहेर जाण्याच्या हेडमधल्या वाटा) घासणं. इथे सुरतेचा माणूस हमखास चुकतो. वराछ्यात हिऱ्याच्या घंटीवर बसणारा एखादा मित्र असतोच. तो हेड हातात घेतो, डोळा बारीक करतो आणि रात्रभरात पोर्टचा आरसा करून देतो. एक्झॉस्टचा आरसा चालेल, काजळी कमी धरते. इनटेकचा मात्र करू देऊ नका. कार्बोरेटरमधून पेट्रोल बारीक थेंबांनी येतं. गुळगुळीत भिंतीवर ते थेंब पसरून ओघळ होतात आणि हवेत मिसळायचे राहतात. 80 नंबरच्या पेपरची खरखर ठेवा. मित्र दुखावेल. त्याला फाफडा खाऊ घाला.

फायदा भोक मोठं करण्यात कमी, वळण सोपं करण्यात जास्त. व्हॉल्व्हच्या सीटखाली ओतकामाची जी धार राहिलेली असते, ती काढा. सीटला ग्राइंडर लागू देऊ नका. पोर्टच्या भिंतीपलीकडे पाणी खेळतं. 'अजून थोडं' म्हणत भिंत फोडलीत, तर कूलंट सिलिंडरच्या वाटेला लागतो आणि काकांची गाडी सायलेन्सरमधून वाफ सोडते.

मग फेसिंग, म्हणजे हेडचा खालचा पृष्ठभाग घासून उतरवणं. कॉम्प्रेशन 8.7 धरलं, तर एका सिलिंडरमागे ज्वलनाला साधारण 34.5 सीसी जागा असते. अर्धा मिमी उतरवला, तर फार तर 1.8 सीसी कमी होतात आणि कॉम्प्रेशन 9.1 च्या आसपास जातं. मिस्त्री म्हणेल, "दीड मिमी काढू, गाडी उडेल." हा माणूस 'उडेल' शब्द कोणत्या अर्थाने वापरतो, ते आधी विचारून घ्या. कायद्यात परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफाराला मालकाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. मालक काका आहेत.

व्हॉल्व्ह पेस्टने लॅप करा, चेंबरमध्ये रॉकेल ओता आणि चहा पिऊन या. रॉकेल पोर्टात झिरपलं असेल, तर परत पेस्ट.

जोडून झालं की ट्रायल. वाढलेली ताकद इंजिन जोरात फिरलं की जाणवते. सहारा दरवाज्याच्या रस्त्यावर संध्याकाळी साड्यांच्या पार्सलांचे टेम्पो पुढे असतात, दुसरा गिअर हीच परमावधी. पहाटे बारडोली-व्यारामार्गे सोनगडपर्यंत जाऊन या. हवा जास्त मिळावी म्हणून उघडा फिल्टर खाली बसवला असेल, तर खाडीपुरात मात्र गाडी काढू नका. इंजिनाला ओढायची चटक लागलेली असते. ते पाणीही ओढतं. पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

काका आले की स्टेशनवर न्यायला गाडी घेऊन जावं. बसल्यावर ते जरा वेळ ऐकतात.

"आवाज का बदलला रे?"

"टॅपेट सेट केले, काका."