‘ऑन द वे’ : उपयोग आणि दक्षता

‘ऑन द वे आहे’ असे म्हणण्यासाठी घराबाहेर पडलेले असावे लागते, हा नवशिक्यांचा गैरसमज. अंगावर पहिला तांब्या घेतला की माणूस ऑन द वे होतो. अंथरुणातून मात्र म्हणू नये, आवाज दगा देतो. फारच निकड असेल तर फोन न उचलता टाइप करावे.

फोनवरच बोलायची वेळ आली, तर मागच्या आवाजांकडे लक्ष द्यावे. कुकरची तिसरी शिट्टी होत असताना ‘दादर सोडलं’ असे ठणकावून सांगणारे वीर आहेत, पण सर्वांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये. सरळ गॅलरीत यावे. मुंबई-पुण्यात कुठल्याही गॅलरीत हॉर्न फुकट मिळतात. थोडी धाप लागू द्यावी आणि ‘हो हो, आलोच, अरे ए रिक्षा...’ एवढ्यावर फोन ठेवावा. वाक्य पुरे केले की पुढचा प्रश्न येतो, आणि तो नेहमी ‘नक्की कुठे?’ हाच असतो.

ठिकाण आपणहून सांगू नये. सांगावेच लागले तर भूगोल पक्का हवा. रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो, पश्चिम रेल्वेवर जम्बो ब्लॉक. बोरिवलीहून दादरला निघालेल्याने मेगाब्लॉकवर खापर फोडले की तो अजून बोरिवलीतच आहे, हे डोंबिवलीकर बसल्या जागी ओळखतो. शिवाय ऐकणाऱ्याच्या फोनमध्ये एम-इंडिकेटर असतो आणि कुठली गाडी कुठे रखडली आहे हे गाडीतलेच लोक त्यावर लिहीत असतात. तेव्हा गाडी रखडवायचीच असेल तर खरोखर रखडलेली निवडावी.

द्रुतगती मार्गावरचे प्रकरण अधिक नाजूक. पुण्याहून निघताना ‘लोणावळा सोडलं’ हे पूर्वी कोथरूडच्या पार्किंगमधूनही खपत असे. मग फास्टॅग सक्तीचा झाला आणि ही कला निम्मी मेली. टोल कापल्याचा मेसेज गाडी चालवणाऱ्याला जात नाही, फास्टॅग ज्याच्या नंबरावर आहे त्याला जातो. तो नंबर बहुधा बाबांचा. बाबा पनवेलला मामांकडे पानावर बसलेले. आपण स्पीकरवर ‘घाट उतरतोय’ म्हणावे आणि त्याच क्षणी बाबांच्या खिशात टिंग व्हावे : उर्से टोलनाका, आत्ता. मामी काही बोलत नाहीत, आमटी परत गॅसवर ठेवतात. म्हणून उर्से पार होईपर्यंत खरे बोलावे. पुढे बोगदे आहेतच. ‘रेंज नव्हती’ कुठल्याही बोगद्यात चालते, फक्त क्रम चुकवू नये : कामशेत आधी, भाताण शेवटी. भाताणनंतर कामशेतचा बोगदा लागला तर आपण पुण्याला परत चाललो आहोत.

कोणाला काय सांगावे याचेही तारतम्य हवे. मित्रांना काहीही चालते, कारण तेही टॉवेलवरच असतात. ‘मी केव्हाचा तयार बसलोय’ म्हणणारा यजमान बेल वाजल्यावर शर्ट शोधतो. साहेबांना सांगताना शेवटी ‘सर’ लावावे, त्याने दहा मिनिटे वाढवून मिळतात. सासुरवाडीला मात्र हा प्रयोग पहिल्या दिवाळसणाला करू नये. तिथे जावईबापू ऑन द वे म्हणाले की खरोखर पुऱ्या तळायला घेतात.

गणेश चतुर्थीला गुरुजी जे ऑन द वे म्हणतात, त्याला यातला कुठलाच नियम लागू नाही. त्यांना एका सकाळी निम्मी पेठ उरकायची असते आणि प्रत्येक घर पुढच्या घराच्या वाटेवरच असते. फुले, दूर्वा, पंचामृत मांडून ठेवावे. मोदकपात्राखाली गॅस मात्र गुरुजींची चप्पल दारात दिसल्यावरच पेटवावा.

एखादा संशयी प्राणी लाइव्ह लोकेशन मागतो. गडबडून जाऊ नये. व्हॉट्सअॅप तिथे तीन मुदती देते : 15 मिनिटे, 1 तास आणि 8 तास. आठ तासांची निवडावी. समोरचा समजून जातो आणि जेवून घेतो.