बिल्लेवाले अण्णा

इनामगावच्या अण्णांनी जहाजात कधी पाऊल ठेवलेलं नाही. समुद्र त्यांनी एकदाच पाहिला, अलिबागला. गुडघाभर पाण्यात उभे राहिले, "घोडनदीला पूर आला की असंच दिसतं" म्हणाले आणि चपला घालून परत फिरले. पण आरमारी टोपीवरचा जुना बिल्ला ओळखायचा झाला, की पुण्याच्या जुन्या बाजारातले भंगारवालेसुद्धा अण्णांच्या मोबाइलवर फोटो टाकतात.

या नादाचं पाप डेक्कन कॉलेजच्या माथी. 1968 पासून 1983 पर्यंत गावाजवळच्या पांढरीत त्यांचं उत्खनन चाललं होतं आणि अण्णा पोरवयात तिथे पाट्या उचलायला जात. साहेब लोक बोटाएवढं खापर हातात घेत आणि "माळवा", "पूर्व जोर्वे", "उत्तर जोर्वे" असं सांगून मोकळे होत. चार पायांच्या रांजणात बसवून पुरलेला एक माणूसही तिथे निघाला. बाकीची मोठी माणसं पावलं तोडून पुरलेली, याची मात्र शाबूत. तेवढ्यावरून तो तीन हजार वर्षांपूर्वीचा गावप्रमुख असावा असं ठरलं. पाय आहेत म्हणजे पाटील, हा हिशोब अण्णांना कायमचा पटला. पुढे खापरं कॉलेजात गेली, अण्णा गावात राहिले, आणि हाताशी ओळखायला काही उरलं नाही. तेव्हा जुन्या बाजारात पाच रुपयांना आरमारी टोपीवरचा एक पितळी बिल्ला मिळाला, नांगराचा.

अण्णांची विद्या अशी. नांगराला दोर गुंडाळलेला असतोच, तो पाहून हुरळायचं नाही. भोवती काय आहे ते बघायचं. नुसतं दोराचं कडं असेल तर पेटी ऑफिसर. कड्याबाहेर पानांची माळ आली की चीफ पेटी ऑफिसर. कडं जाऊन मोठी पानं राहिली आणि काम जरीचं असलं, तर साहेब. साध्या खलाशाला बिल्लाच नाही, टोपीला फीत. त्यामुळे 'आजोबा साधे खलाशी होते, हा त्यांचा बिल्ला' म्हणत येणाऱ्याला अण्णांकडे चहा मिळत नाही.

मग डोक्यावरचं. आपल्या बिल्ल्यावर मुकुट असेल तर माल 1950 च्या आधीचा. त्या वर्षी 26 जानेवारीला आरमाराच्या नावातलं 'रॉयल' गेलं आणि मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह बसले. मुकुटही दोन तऱ्हांचे. कमानी फुगीर असतील तर राजाचा, मधोमध दबलेल्या असतील तर एलिझाबेथ राणीचा. राणी गादीवर आली 1952 साली, तोवर आपण प्रजासत्ताक झालेलो. म्हणून दबका मुकुट भारतीय आरमाराच्या टोपीवर कधी चढलाच नाही. हे सांगताना अण्णांचा आवाज असा चढतो, की तो मुकुट त्यांनीच वेशीवरून परत पाठवला असावा. आणि 2022 साली चार्ल्स राजा झाला, त्याने फुगीर मुकुट परत काढला! अण्णांनी त्या दिवशी भाकरी टाकली. "उद्या कुणी कालचा बिल्ला युद्धातला म्हणून खपवला, तर जबाबदार कोण? ह्यो चार्ल्स?"

खरं-खोटं मात्र पाठीवर कळतं. ठशाने मारलेल्या बिल्ल्याच्या पाठीला पुढच्या नक्षीचे खोलगट वळ असतात. ओतीव नकलेची पाठ सपाट आणि पुरळ उठल्यासारखी. म्हणून अण्णांचं पहिलं वाक्य "उलटा करा." हाताला सवय अशी जडली की लग्नपत्रिका, चमचा, औषधाची पट्टी, काहीही आलं की आधी उलटं. बारशाला नातू मांडीवर दिला, तोही.

पुतणीच्या सोयरिकीला त्यांना नेऊ नये असं घरात ठरलं होतं. पण थोरल्या चुलत्याला वगळून बैठक कशी बसणार? स्थळ नदीपलीकडचं, श्रीगोंद्याकडचं. भिंतीवर काचेत, मखमलीवर एक बिल्ला.

"आमचे तात्या नेव्हीत कॅप्टन," मुलाचे वडील म्हणाले. "सेहेचाळीसच्या बंडात 'तलवार'वर होते. हा तेव्हाचा बिल्ला."

अण्णांनी चष्मा पुसला. "सिंह आहेत."

"होतेच तसे ते!"

"तात्या नाही, बिल्ल्यावर. सेहेचाळीसला सिंह कुठनं आले? आणि हे दोराचं कडं. कॅप्टनला पानं असतात." माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांच्या धाकट्या भावाने, त्यांच्या मांडीला चिमटा काढला. उपयोग शून्य. "उलटा करा."

काच उघडली गेली. "ओतीव आहे," अण्णा म्हणाले. "असले पाटीनं मिळतात."

मुलाचे वडील लालबुंद झाले. माझे वडील जोडे कुठे काढले ते आठवू लागले. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून मुलाची आजी बोलली, "पावनं बरुबर बोलत्यात. खरा बिल्ला म्या मोडीत घातला. पोरानं मागनं कुठनं तरी ह्यो आणून लावला. आन् कॅप्टन कसलं? कोठीवर हुते. तांदूळ मोजायचे."

"मोडीत?" अण्णांना एवढंच ऐकू आलं.

"व्हय. वर थोडं पैसं घातलं आन् पितळंची ताटली घेतली. ही काय, तुमच्याच हातात हाय."

आजीच्या हसण्याने बैठक सैलावली, सुपारी फुटली, मंडळी याद्या करायला बसली. अण्णांचं तिकडे लक्ष नव्हतं. ताटलीत अजून पोहे होते, आणि अण्णा ते न चावता गिळत होते.