करण्यात येते, पण करतो कोण?

इंग्रजीतले 'पुट' हे क्रियापद किती गुणी आहे, हे समजून घ्यायला भंडाऱ्याच्या सरकारी कचेऱ्यांइतकी चांगली शाळा नाही. त्याला 'अप' लावले की फाईल साहेबांच्या टेबलावर जाते. 'ऑफ' लावले की तीच फाईल पुढच्या महिन्यावर जाते. आणि 'अप'च्या शेपटीला 'विथ' बांधला की जे काही होते ते अर्जदाराने करायचे असते, म्हणजे मुकाट्याने सोसायचे असते. अशा जोडक्रियापदांना इंग्रजीत फ्रेजल व्हर्ब म्हणतात, आणि औपचारिक लिखाणात ती जरा बेतानेच वापरा असे तिथले मास्तर बजावतात. 'लुक इंटू' कशाला, 'इन्व्हेस्टिगेट' लिहा. 'कॅरी आउट' घरगुती वाटते, 'एक्झिक्यूट' भारदस्त. आपल्या कचेऱ्यांनी हा सल्ला अर्धाच ऐकला. तोंडी कारभार आजही फाईल पुटअप करण्यावर, फॉलोअप घेण्यावर आणि चार्ज हँडओव्हर करण्यावर चालतो. लेखी कारभार मात्र राजभाषेत चालतो, आणि त्या राजभाषेत स्वतःची जोडक्रियापदे वापरायला मराठीलाच बंदी आहे.

कारण अशी क्रियापदे आपल्याकडेही आहेत आणि ती इंग्रजीपेक्षा जास्त चहाडखोर आहेत. मूळ क्रियापद काम सांगते, मागून येणारे करणाऱ्याच्या मनातले सांगते. 'चुकारे दिले' ही नोंद झाली. 'देऊन टाकले' म्हटले की सुटकेचा निःश्वास ऐकू येतो, 'देऊन बसलो' म्हटले की पश्चात्ताप, आणि 'द्यायचे राहून गेले' यात चूक कोणाची ते कळत नसले तरी चूक झाल्याची कबुली असते. इतके बोलके व्याकरण फाईलमध्ये कोण शिरू देईल? म्हणून तिथे उलटा कारखाना चालतो. क्रियापद घ्यायचे, त्याचे नाम करायचे, नामाला 'त' चिकटवायचा आणि शेवटी 'येणे' जोडायचे. 'पाठवले' याचे 'पाठविण्यात आले' होते, ते आणखी पिकले की 'पाठविण्याबाबतची कार्यवाही करण्यात येत आहे' होते. शब्द दर टप्प्याला वाढतात आणि काम दर टप्प्याला एक खुर्ची मागे सरकते.

नमुन्यादाखल एक वाक्य बांधून पाहू. बांधायला कष्ट पडत नाहीत, ते हाताशीच असते. 'आधारभूत खरेदी केंद्रावरील धान खरेदीच्या अनुषंगाने प्रलंबित चुकाऱ्यांबाबतचा प्रस्ताव वरिष्ठ स्तरावर सादर करण्यात आला असून निधी उपलब्ध होताच उचित कार्यवाही करण्यात येईल.' लाखांदूरच्या धान उत्पादकाला यातून काय हवे आहे? प्रस्ताव कोणी पाठवला, कोणाकडे, कोणत्या तारखेला, आणि पैसे कधी. या चारही प्रश्नांच्या जागा वाक्यात आहेत. फक्त त्या भरल्या आहेत 'अनुषंगाने', 'बाबतचा', 'स्तरावर' आणि 'होताच' यांनी. निधी आपल्या पायांनी चालत येऊन आपोआप उपलब्ध होतो. कार्यवाही तर मोसमी पावसासारखी येते, ती कोणी आणत नाही. यातला एकही शब्द खोटा नाही, हे या शैलीचे खरे कौशल्य मानले पाहिजे.

यावर नेहमीचा राग शब्दांवर निघतो, आणि तो चुकीच्या पत्त्यावर जातो. भंडारा जिल्ह्याने जड शब्दांचा मारा दोनदा खाल्ला. 1956 पर्यंत तो मध्य प्रदेशात होता, तेव्हा डॉ. रघुवीर नागपुरात संस्कृत धातूंपासून प्रशासनाची परिभाषा घडवत होते. पुढे महाराष्ट्र झाल्यावर 1960 साली भाषा संचालनालय आले आणि पाठोपाठ पदनाम कोश. आचार्य अत्र्यांनी त्याला 'बदनाम कोश' म्हणून झोडपले. पण संचालक, अधीक्षक, आयुक्त हे शब्द आता तुमसरच्या बसस्टँडवरही कोणाला अडत नाहीत. शब्द रुळतात. शब्दांवर महाराष्ट्र हसत राहिला आणि वाक्यरचना मागच्या दाराने आत शिरली, तिला कोणी अडवले नाही. 'मारला गेला' छापाच्या रचनेला व्याकरणाची पुस्तके 'नवीन कर्मणी' म्हणतात आणि ती इंग्रजीच्या वळणाने आली असे सांगतात. स्पर्धा परीक्षेला बसणारी मुले हा प्रयोग ओळखण्याचा गुण मिळवतात, नोकरीला लागतात आणि पुढे निवृत्तीपर्यंत 'करण्यात येते' या त्याच्या सख्ख्या भावंडाच्या आश्रयाने राहतात. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी जिच्यासाठी आयुष्य वेचले त्या झाडीबोलीने मात्र आपला निषेध नोंदवून ठेवला आहे: तिच्यात 'ण'चा 'न' होतो आणि 'ष'चा 'स'. म्हणजे 'करण्यात' आणि 'अनुषंगाने' हे कारभाराचे दोन्ही खांब या मातीत उच्चारतानाच जरा कलतात.

पहिला आक्षेप असा येईल की सरकारी पत्र न्यायालयात टिकले पाहिजे, तिथे 'देऊन टाकले' चालत नाही. मान्य. पण काटेकोरपणा 'करण्यात'मधून येतो हे कोणी सिद्ध केले? सातबारा पाहा. खातेदाराचे नाव, क्षेत्र, पीक, बोजा. क्रियापद शोधून सापडत नाही, आणि त्यावर पिढ्यान् पिढ्या खटले लढले जातात. शिवाय हेच कार्यालय थकबाकीची नोटीस काढते तेव्हा भाषा कशी लख्ख होते! 'आपण ही रक्कम अमुक दिवसांत भरावी, अन्यथा आपल्यावर कारवाई होईल.' कर्ता पहिल्याच शब्दात, मुदत आकड्यात, परिणाम स्पष्ट. कर्ता नागरिक असला की व्याकरण सुधारते. कर्ता कार्यालय असले की ते आजारी रजेवर जाते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अधिकारी येतो-जातो, कार्यालय राहते. आदेश व्यक्तीचा नसून पदाचा असतो, म्हणून वाक्यातून 'मी' काढणे हाच निष्पक्षपणा. तत्त्व उत्तम आहे. पण मग पद तरी लिहा! 'तहसीलदारांनी 12 तारखेला पाठवले' यात कोणाचेही खासगी नाव नाही. कायद्याने तर ही हरकत कधीच निकालात काढली आहे. 2015 चा लोकसेवा हक्क अधिनियम प्रत्येक सेवेसाठी पदनिर्देशित अधिकारी नेमायला लावतो. त्याआधीचा 2005 चा एक अधिनियम आहे, ज्याचे नाव वाचायलाच अर्धा दिवस लागतो: शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध. (त्यात 'पार पाडणे' हे अस्सल जोडक्रियापद नजरचुकीने राहून गेले आहे.) तो सांगतो की कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाईल सामान्यतः सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक पडून राहू नये. म्हणजे फाईल कोणाकडे तरी असते, हे विधिमंडळाला ठाऊक आहे. पत्राच्या मसुद्याला तेवढे ठाऊक नाही.

आणि पदाच्या आडचा माणूस वाक्यात आणायचाच नाही, असेही काही कचेरीचे व्रत नाही. कोनशिला पाहा. तिथे कर्ता संपूर्ण नावानिशी, पदासह, 'माननीय' लावून, ठळक अक्षरांत येतो, आणि त्यासाठी मराठीने एक खास जोड राखून ठेवली आहे: 'यांच्या शुभहस्ते'. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली; तारीखही ठाऊक, हातही ठाऊक. त्यानंतर सुमारे 372 कोटींचा तो प्रकल्प अठरा हजार कोटींच्याही पुढे गेला. ही वाढ कोणाच्या हस्ते झाली, ते मात्र कुठे कोरलेले नाही. खर्च 'वाढला', काम 'लांबले', पुनर्वसन 'रखडले'. सगळी अकर्मक क्रियापदे, आपापल्या पायांनी चालणारी.

तेव्हा नवा कोश नको, नवी समितीही नको. असलेलीच जोड थोडी सढळ हाताने वापरावी, एवढीच सूचना आहे. प्रत्येक थांबलेल्या फाईलवर एक ओळ पुरेशी आहे: सदर प्रकरण अमुक पदावरील माननीय अधिकारी यांच्या शुभहस्ते, अमुक तारखेस, प्रलंबित ठेवण्यात आले. हवे तर पुष्पगुच्छही द्यावा. तेवढी तरतूद किरकोळ खर्चात बसते.