आधी पंचनामा, मग अग्रक्रम

शहराच्या सुरक्षेत पहिलं काम कोणतं, हे महापालिकेच्या अंदाजपत्रकात शोधू नका. ते पंचनाम्यात ठरतं.

होर्डिंगचंच घ्या. ऑक्टोबर 2018 मध्ये पुण्याच्या जुना बाजार चौकात रेल्वेच्या जागेतला सांगाडा रस्त्यावरच्या वाहनांवर कोसळला. 4 जण गेले. एप्रिल 2023 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या किवळ्यात वादळात आडोशाला थांबलेल्यांवर होर्डिंग पडलं. 5 जण गेले. पाहणी, ऑडिट, कारवाई सगळं जाहीर झालं. जाहीर करण्यात आपल्या यंत्रणेचा हात कोण धरणार?

मग 13 मे 2024, घाटकोपर. पेट्रोल पंपावर 17 बळी. मुंबईत मर्यादा 40 बाय 40 फुटांची, हे धूड 120 बाय 120 चं. म्हणजे नऊपट! आकारासाठी त्याची लिम्का बुकात नोंदही झाली होती. विक्रम मोजणारे टेप घेऊन पोहोचले, पाडणारे नोटिशीपर्यंतच. दुर्घटनेनंतर महापालिका म्हणाली, जागा रेल्वे पोलिसांची, आमची परवानगीच नव्हती. वाऱ्याला बिचाऱ्याला हद्दीचा नकाशा कुणी दाखवला नसावा.

गंमत पुढेच आहे. त्याच जागेवरची उरलेली होर्डिंग नंतर उतरवली गेली. क्रेन आधीही होती, गॅसकटर होता, माणसंही होती. नव्हते ते फक्त मृतदेह.

ऑडिटवर विसंबावं, तर मार्च 2019 मध्ये सीएसएमटीजवळ कोसळलेला पूल ऑडिटात पास झालेला होता. किरकोळ दुरुस्ती सुचवून.

वास्तविक आधी विचारायची सोय कायद्यात आहे. 2009 मध्ये महापालिका कायद्यात क्षेत्रसभा आली. वस्तीतल्या मतदारांनी जमायचं, कुठलं गटार उघडं, कुठला दिवा बंद, कुठला खांब कललाय ते सांगायचं. तुम्ही कधी अशा सभेला गेला आहात? नाव तरी ऐकलंय? पुण्यात 2006-07 पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवतात, हे त्यातल्या त्यात बरं. पण वॉर्डात बाकडं हवं की नाही हे नागरिकाने सांगायचं आणि डोक्यावरचं होर्डिंग कुणाचं हे कोर्टाने, ही वाटणी काही पटत नाही.

इतकी वर्षं प्रशासक होते, विचारणार कुणाला, ही सबब होती. जानेवारी 2026 च्या निवडणुकांनी 29 महापालिकांना नगरसेवक दिले. तुमचा कोण ते पाहा आणि त्याच्याकडून पावसाळ्याआधीची क्षेत्रसभेची तारीख घ्या. लेखी.