परत येणार कशावरून?

वाशीच्या माणसाला पाणी बघायला लांब जावं लागत नाही. पश्चिमेला ठाण्याची खाडी आहे, भरतीचं पाणी आवरायला सिडकोने केलेले धारण तलाव आहेत, आणि जुलैत मोठी भरती नि मोठा पाऊस यांनी एकच मुहूर्त धरला की पाणी स्वतःच भेटायला येतं, पार स्कूटरच्या सीटपर्यंत. त्यामुळे मिसिसागाहून दादाचा, म्हणजे माझ्या चुलतभावाचा, फोन आला की "यंदा मे महिन्यात सगळे इकडे या, टोरांटोचा लेक दाखवतो," तेव्हा आईचा प्रश्न मला तरी रास्त वाटला.

"तळं बघायला कॅनडाला? ठाण्याच्या तलावपाळीला काय धाड भरलीय?"

दादाने फोटो पाठवले. आईने चष्मा लावून ते मोठे करून पाहिले आणि निकाल दिला, "याला पलीकडचा काठच नाही. म्हणजे हा समुद्र झाला. समुद्र तर माझ्या माहेरी आहे." आईचं माहेर गुहागर. एकाच फोटोत तो लेक तळं म्हणूनही नापास झाला आणि समुद्र म्हणूनही.

मग बाबांनी सूत्रं हातात घेतली. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून बाबांना मोजता येईल अशी कुठलीही गोष्ट आवडते. लेक ऑन्टारिओ सुमारे १९ हजार चौरस किलोमीटर, खोली जास्तीत जास्त २४४ मीटर, हे त्यांनी रद्दी पेपरच्या मागे लिहून काढलं. "रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, तिन्ही जिल्हे जवळजवळ आत बुडतील," त्यांनी जाहीर केलं.

"बुडवायला माझंच गुहागर सापडलं तुम्हाला," आई म्हणाली.

"आणि त्यांच्या पाच मोठ्या तळ्यांमध्ये हे आकाराने सगळ्यात लहान आहे."

"एवढे पैसे टाकून लहान का बघायचं मग? मोठं कुठंय?"

या प्रश्नाला टोरांटोच्या पर्यटन खात्याकडेसुद्धा उत्तर नसावं. पण एक झालं. आईने कुठलं तळं बघायचं याची चर्चा सुरू केली, म्हणजे जायचं हे मान्य झालं होतं. आमच्या घरात होकार असाच, मागच्या दाराने येतो.

तारखा ठरवताना गाडी आंब्यावर अडली. लेकीची शाळा जूनच्या मध्याला उघडते, म्हणून जायचं मे महिन्यातच. आणि मे महिन्यात वाशी सोडायची म्हणजे एपीएमसीच्या फळबाजाराला पाठ दाखवायची. आम्ही त्या बाजारापासून रिक्षाच्या अंतरावर राहतो, आणि ही गोष्ट बाबा पुण्याच्या नातेवाइकांना घराच्या चटईक्षेत्राआधी सांगतात. दादा म्हणाला, इथे हापूसच्या रसाचे डबे मिळतात. फोनवर अशी शांतता पसरली की त्याला वाटलं, लाइन कटली. शेवटी पेटी संपवून मग निघायचं असं ठरलं आणि पेटी मोठी मागवायची असंही ठरलं.

विमान कुठून पकडायचं यावर मतभेद व्हायचं कारण नव्हतं, पण झाले. बाबांना "आपल्या" विमानतळावरूनच जायचं होतं. नवी मुंबई विमानतळाचं भूमिपूजन २०१८ साली झालं आणि उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये, पण बाबा त्याच्या बातम्या त्याच्याही कितीतरी आधीपासून कापून ठेवतायत. इतकी वर्षं वाट बघितल्यावर पहिला परदेश प्रवास सहारहून करणं त्यांना फितुरी वाटत होती. "तिथून टोरांटोला विमान नाही हो बाबा," बायको म्हणाली. "आज नाही," बाबा म्हणाले, "मे महिना लांब आहे."

खरी मजा व्हिसाच्या अर्जाने आली.

अर्ज ऑनलाइन. माणशी शंभर कॅनेडियन डॉलर, वर बोटांच्या ठशांचे आणि फोटोचे पंच्याऐंशी. डॉलर साठ-पासष्ट रुपयांच्या घरात. ठसे चौदा ते एकोणऐंशी वर्षं वयाच्या लोकांना द्यावे लागतात हे कळल्यावर सत्याहत्तर वर्षांच्या बाबांनी, ऐंशी पूर्ण होईपर्यंत थांबलो तर पंच्याऐंशी डॉलर वाचतील, असा प्रस्ताव गंभीरपणे मांडला. आईची काळजी निराळी. बँकेत आधारच्या यंत्रावर तिचा अंगठा कधी एका फटक्यात उठत नाही. जन्मभर भांडी घासून रेषा गेल्या, असं ती यंत्रासमोरच्या मुलाला दर वेळी ऐकवते. इथे तर दहाही बोटं द्यायची होती. ती ठसे द्यायला जायच्या आदल्या दिवसापर्यंत हाताला साय चोळत होती.

फोटोत हसायचं नाही, असा नियम. बाबांच्या बाबतीत हा नियम नसता तरी चाललं असतं. आईला मात्र फोटोवाल्याने तीन-चारदा "आजी, हसू नका" सांगितलं आणि दर वेळी तिला त्याचंच हसू आलं.

अर्जातले प्रश्न मी मोठ्याने वाचायचो आणि घरचे उत्तरं द्यायचे. गेल्या दहा वर्षांत काय काय काम केलं, मध्ये खंड नको. बाबा म्हणाले, निवृत्त लिही. मी आईच्या रकान्यातही तेच लिहायला गेलो.

"निवृत्त ते. मी अजून नोकरीत आहे," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

मग तो प्रश्न आला. तुम्ही कधी कैद्यांचा किंवा नागरिकांचा छळ होताना पाहिला आहे का, किंवा त्यात भाग घेतला आहे का? मी सरळ "नाही"वर टिचकी मारणार, तोच बाबांनी हात वर केला.

"सोसायटीची सर्वसाधारण सभा धरायची का?"

बायकोने लॅपटॉप माझ्याकडून काढून घेतला.

पैशांचे पुरावे गोळा करताना घरात जे घडलं ते घटस्फोटाच्या वकिलांनाही जमत नाही. बँकेची सहा महिन्यांची विवरणपत्रं, मुदत ठेवींच्या पावत्या, घराची कागदपत्रं, सगळं स्कॅन करून प्रत्येक फाइल चार एमबीच्या आत बसवायची होती. त्यासाठी सगळं टेबलावर आलं. बाबांची एका सहकारी बँकेतली एक ठेव आईला माहीत नव्हती. आईचं पोस्टातलं आवर्ती खातं बाबांना माहीत नव्हतं. दोघांनी एकमेकांच्या पावत्या नीट वाचल्या, आकडे मनात साठवले आणि काही न बोलता चहा घेतला. कॅनडा सरकारने एवढ्या लांबून आमच्या घरात आर्थिक पारदर्शकता आणली. आभार कुणाचे मानायचे, हा प्रश्न दोघांच्या चेहऱ्यावर होता.

दादाने निमंत्रणपत्र पाठवलं. माझे काका-काकू, चुलतभाऊ, वहिनी आणि पुतणी माझ्या घरी राहतील, खर्च मी करीन. झालं! "माझा खर्च तो का करणार? त्याच्या मुंजीत घड्याळ मी दिलंय," बाबा भडकले. ते वाक्य तसंच राहू दिल्याने व्हिसा लवकर मिळतो, हे त्यांना पटवायला मला आयकराचे दाखले वापरावे लागले. शिवाय त्यांना कॅनडाचा जुना रागही होता. २०२३ साली दोन्ही सरकारांचं बिनसलं आणि कॅनडाने आपले ४१ राजनैतिक अधिकारी भारतातून माघारी नेले, ते बाबांनी मनाला लावून घेतलं होतं. "आपण होऊन गेलं की असंच करतात," असं त्यांचं परराष्ट्र धोरण.

आणि शेवटी ते पत्र. तुम्ही भेट संपल्यावर मायदेशी परत याल, अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. नोकरी, मालमत्ता, नातीगोती, जे काही तुम्हाला परत ओढून आणेल ते लिहा.

बाबांना हे वाचून हसू आवरेना. ते वाशीत आले १९८४ साली, सिडकोचं घर लागलं म्हणून. खाडीवरचा पूल १९७३ चा, पण रेल्वे यायला १९९२ उजाडायचं होतं. बशीने यायचं आणि बशीने जायचं. तेव्हा दादरचे नातेवाईक वास्तुशांतीला येतानाच विचारत, "पण परत कसं जायचं?" मुक्कामाच्या तयारीने पिशव्या घेऊन येत. आत्या तर आजीच्या गळ्यात पडून रडली होती. "आणि आता," बाबा म्हणाले, "वाशीला परत येणार कशावरून, हे कॅनडा मला विचारतोय!"

कारणं मात्र भरभरून निघाली. माझी आणि बायकोची नोकरी हे पहिलं आणि सगळ्यात नीरस कारण. लेकीची दहावी. आईचं कारण म्हणजे गौरी-गणपती, पण "तो तर सप्टेंबरात," असं बायको म्हणाल्यावर तिने लोणचं पुढे केलं. कैरी घालून जायचं तर पंधरा दिवसांत परत येऊन बरणी हलवायलाच हवी, शेजारणीवर विश्वास नाही. बायको म्हणाली, आई, हे इंग्रजीत लिहिलं तर आपल्याला मानसोपचाराचं प्रमाणपत्र जोडायला सांगतील.

बाबा गंभीर होते. त्यांच्याकडे असं कारण होतं की जगातल्या कुठल्याही अधिकाऱ्याने ते वाचून शिक्का मारावा. पुनर्विकास. आमच्या इमारतीचा पुनर्विकास होणार हे मी कॉलेजात असल्यापासून ऐकतोय. जिन्याचं प्लास्टर पडतं तसा तो विषय वर्षातून एकदा खाली येतो. आता मात्र विशेष सर्वसाधारण सभा लागली होती, जूनच्या दुसऱ्या रविवारी, सहकार कायद्याच्या ७९-अ खालची, दोन तृतीयांश सभासदांचा कोरम, व्हिडिओ चित्रीकरणासह. "चटईक्षेत्र, कॉर्पस आणि भाडं यांच्यावर मतदान आहे," बाबा म्हणाले. "ते सोडून जो माणूस कॅनडात राहील तो वाशीकरच नव्हे. लिही." मी लिहिलं. सभेची सूचना जोडली. बाबांनी सही केली, शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून ठेवला आणि मग स्कॅन करायला दिला.

अर्ज गेला आणि वाट पाहण्याच्या काळात दादाचा कार्यक्रम आला. तिथे प्रत्येक ठिकाणाला आमच्याकडून हरकती निघाल्या. सीएन टॉवर ५५३ मीटर उंच, आणि ३४२ मीटरवर काचेची जमीन, तिच्यावर उभं राहून खाली बघायचं. "पैसे देऊन चक्कर आणायची?" आई. फेरीबोटीने टोरांटोच्या बेटांवर. "भाऊच्या धक्क्यावरून जातो तसं." कासा लोमा नावाचा राजवाडा, जो बांधून मालकाचं दिवाळं निघालं. हा मात्र बाबांना बघायचा होता, बिल्डरच्या निवडीपूर्वी.

नायगारा टोरांटोहून सुमारे १३० किलोमीटर. म्हणजे वाशी ते पुणे, म्हणजे मध्ये फूड मॉल हवा, वडापाव हवा. बोटीतून धबधब्याजवळ नेतात आणि कॅनडाच्या बाजूला अंगावर लाल रेनकोट देतात, एवढं आईला आवडलं. बाबांनी पुन्हा रद्दी पेपर काढला. "उंची ५७ मीटर. आपला खारघरचा पांडवकडा १०७."

"पांडवकड्याला पावसाळ्यात बंदी असते, बाबा," बायको म्हणाली. "पोलीस हाकलतात."

"उंचीचं बोलतोय मी."

एका माहितीने मात्र आई खरंच हादरली. मेअखेर तिकडे सूर्य रात्री नऊच्या जरा आधी मावळतो. "मग दिवेलागण कधी? आणि जेवायचं कधी, उजेडात?" तिने दादाला फोन लावला. तिकडे सकाळचे सहा वाजले होते, इथे दुपारचे साडेतीन. दादाने झोपेत सांगितलं की काकू, आम्ही सातला जेवतो. "उन्हात?" आईने विचारलं, आणि त्या पोराचे तिकडे काय हाल होत असतील या विचाराने चकलीची भाजणी दुप्पट केली. एका बॅगेला तेवीस किलोची मर्यादा आहे, हे तिला कुणी सांगायचं यावर घरात अजून एकमत नाही.

व्हिसे आले. पाचही. दादा फोनवर ओरडलाच, "काका, आता पंधरा दिवस कसले, तीन-चार महिने राहा! सहा महिन्यांपर्यंत राहू देतात."

"जमायचं नाही," बाबा म्हणाले. "मी लिहून दिलंय."

"अहो, ते तसं कुणी बघत नाही."

"तुझ्या सरकारला लिहून दिलंय आणि तुला बघायचं नाही?"

त्यानंतरच्या आठवड्यात सोसायटीच्या फळ्यावर नवी सूचना लागली. सभा एका रविवाराने पुढे. कारण, बिल्डरच्या प्रतिनिधीला त्या दिवशी लग्न आहे. मी खालून फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला आणि विसरलो. संध्याकाळी घरी आलो तर बाबा लॅपटॉपसमोर चष्मा लावून बसलेले, शेजारी पत्राची जुनी प्रत.

"कॅनडाला कळवायला हवं," ते म्हणाले. "आपण दिलेली तारीख बदलली."

"बाबा, कुणाला कळवायचं? व्हिसा मिळाला आपल्याला."

"म्हणूनच. तू लिही, मी सांगतो. महोदय, आमच्या अर्जासोबत जोडलेल्या सूचनेतील सभा आता तिसऱ्या रविवारी होणार असून आमच्या परतीच्या तारखेत बदल नाही." मी टंकत होतो, कारण वाद घालण्यापेक्षा ते लवकर संपतं. "आणि खाली लिही, प्रत माहितीसाठी."

"कुणाला?"

"उपनिबंधक, सहकारी संस्था."