खाडी आडवी येते

कोकणच्या किनाऱ्याने दक्षिणेला निघालं की दर दीड-दोन तासांनी रस्ता संपतो. अरुंद होत नाही, वळत नाही. सरळ पाण्यात जाऊन थांबतो. समोर खाडी, खाडीपलीकडे डोंगर, डोंगराच्या पायथ्याशी माडांत दडलेलं गाव, आणि नेमकं त्याच गावात आपण दुपारचं जेवण सांगून ठेवलेलं. मोबाइलमधल्या बाईंचा अशा वेळी धीर सुटतो. मागे फिरा, महामार्ग गाठा, असा त्यांचा लकडा सुरू होतो. टपरीवाला मात्र चहा गाळता गाळता म्हणतो, "बोट पलीकडे आहे. येईल. बसा जरा."

या 'बसा जरा'वर आमचे मेहुणे फार चिडतात. सौ.चे थोरले बंधू, साताऱ्याकडचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. आयुष्यभर त्यांनी पाणी अडवलं. आता पाणी त्यांना अडवतं, हे त्यांच्या पचनी पडत नाही. "दाजी, इथं एक साधा पूल बांधायला काय झालं होतं?" असं ते दर खाडीला मला विचारतात, जणू काही फाइल माझ्याच टेबलावर अडली आहे. रेवसपासून रेड्डीपर्यंतचा हा सागरी महामार्ग अंतुले मुख्यमंत्री असताना, म्हणजे १९८०-८२च्या काळात, त्यांनी मनावर घेतला होता, एवढंच मला सांगता येतं. मग मेहुणे मनातल्या मनात खांबांची संख्या मोजतात आणि मी दुसरा चहा सांगतो.

पण खाड्यांच्या काठी बसून बसून एक गोष्ट ध्यानात येते. रस्ता जिथे संपतो तिथेच किल्ला असतो. कुंडलिकेच्या मुखावर एका बाजूला रेवदंडा, दुसऱ्या बाजूला कोर्लई. राजपुरीच्या खाडीत जंजिरा. सावित्रीवर बाणकोट, वाशिष्ठीवर गोपाळगड, शास्त्रीवर जयगड, मुचकुंदीवर पूर्णगड, वाघोटनवर विजयदुर्ग. आपल्याला अडसर वाटते ती खाडी हाच पूर्वीचा हमरस्ता होता. गलबतं समुद्रातून खाडीत शिरायची, भरतीच्या पाण्यावर महाड, चिपळूण, राजापूर, खारेपाटणपर्यंत आत जायची आणि तिथून बैलांच्या पाठीवरून माल घाट चढायचा. सगळी रहदारी पूर्व-पश्चिम. आपण गाडी घेऊन उत्तर-दक्षिण निघतो, म्हणजे दोन हजार वर्षांचे रस्ते एकामागून एक आडवे ओलांडत जातो. अडणारच. मेहुण्यांना हे पटलं, पण चीड कमी झाली नाही.

अलिबाग सोडल्यावर पहिला मुक्काम दगडाशी. अक्षी गावात एक शिलालेख आहे. त्यावरचं साल शके ९३४ मानतात, म्हणजे इ.स. १०१२, मराठीतल्या अगदी जुन्या लेखांत त्याची गणना होते. आपल्या भाषेचा इतका जुना कागद बरीच वर्षं रस्त्याच्या कडेला ऊन-पाऊस खात उभा होता. मजकूर दानाचा आणि खाली गधेगाळ: हे दान जो मोडेल त्याच्या आईचा गाढवाशी संबंध जोडणारी, दगडात कोरून ठेवलेली सणसणीत शिवी. म्हणजे आपली भाषा लिहायला बसली ती दानाच्या व्यवहारासाठी, आणि दुसऱ्याच दमात शिवीवर आली. अलिबागेतले आजचे प्लॉटचे सौदे पाहता प्रत्येक सात-बाराच्या तळाशी अशी एक गधेगाळ छापायला हरकत नाही.

पुढे चौल आणि रेवदंडा. ग्रीक दर्यावर्दींनी ज्याची नोंद केली ते चौल आज नारळी-पोफळीत इतकं बुडालं आहे की बंदर कुठे होतं हेही विचारत जावं लागतं. याच चौलला १४६९च्या सुमारास अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी उतरला. बरोबर एक घोडा. इथे घोडे चांगल्या भावाने जातात असं कुणीतरी त्याला सांगितलं असावं. तो लिहून गेला आहे की जाईन तिथे गोऱ्या माणसाला बघायला लोकांचा घोळका मागे लागतो. जुन्नरच्या सुभेदाराने त्याचा घोडा धरून ठेवला आणि धर्म बदल तर सोडतो म्हणाला. एका खुरासानी गृहस्थाने मध्यस्थी केली म्हणून घोडा सुटला. पुढे घाटावरचा पावसाळा, खाण्यापिण्याचा खर्च, आणि शेवटी कुठे बीदरकडे घोडा विकला गेला. परप्रांतात स्वतःचं वाहन नेण्याचे सगळे ताप त्याने भोगून ठेवले आहेत. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. नवख्या गावात गाडीचे कागद दाखवायला लागलेल्या प्रत्येकाने तिथे एक फूल वाहावं.

रेवदंड्याचा किल्ला बघायला म्हणून जाल तर आधी तो सापडत नाही, कारण आपण कधीच त्याच्या आत आलेलो असतो. तटाच्या भगदाडातून डांबरी रस्ता गेला आहे, आत घरं आहेत, वाड्या आहेत. पोर्तुगीजांनी १५२१नंतर इथे ठाणं बांधलं. चर्च, मठ, सात मजल्यांचा म्हणून सांगतात तो मनोरा. त्यातले चार मजले अजून उभे आहेत. त्याच्याकडे जाताना एका वाडीतून वाट होती. सारवलेल्या खळ्यावर सुपारी वाळत घातलेली. भगव्या सालीची, अजून न सोललेली, एकीला एक न लागेल अशी पसरलेली. खळ्याला सावली होती ती चर्चच्या अर्ध्या कमानीची. ऊन जसं सरकेल तशी एक आजी फळीने सुपारी पुढे ओढत होत्या. सौ.ने विचारलं, "आजी, ही कमान किती जुनी?" आजींनी मान वर न करता सांगितलं, "माझ्या सासूच्या आधीची." पुरातत्त्व खात्याच्या निळ्या फलकावर याहून जास्त मजकूर असतो, पण इतकं नेमकं काही नसतं.

हेच मला या किनाऱ्याचं फार आवडतं. इथे पडक्या वास्तूला कुणी भीत नाही आणि तिची पूजाही बांधत नाही. तटाला टेकून गाईचा गोठा. बुरुजावर जाळी वाळत. जुन्या विहिरीवर नवा पंप. रोममध्ये असा एखादा खांब असता तर कठडा, तिकीट आणि कानात घालायचं यंत्र आलं असतं. इथे खांबाला दोरी बांधून तिच्यावर गोधडी टाकतात. हे योग्य की अयोग्य यावर मेहुण्यांचा आणि माझा वाद कोर्लई येईपर्यंत चालला. ते म्हणाले, जतन झालं पाहिजे. मी म्हणालो, वापर हेही जतन आहे. सौ. म्हणाली, गोधडी छान होती.

कोर्लईला तर भिंतींपेक्षा तोंडं जास्त जुनी. पोर्तुगीजांनी १७४०मध्ये चौल-रेवदंडा मराठ्यांना सोडलं आणि ते गेले; पण किल्ल्याखालच्या गावातल्या ख्रिस्ती घरांत त्यांच्या भाषेतून निपजलेली, मराठीच्या संगतीने घडलेली एक बोली आजही बोलली जाते. बोलणारे काही शेकडाच. दुकानात एक बाई गिऱ्हाइकाशी मराठीत भाव करत होत्या आणि आत मुलावर त्या बोलीत ओरडत होत्या. शब्द एकही कळला नाही. अभ्यासाला बस असंच म्हणत असणार, स्वर तोच होता.

जंजिऱ्याबद्दल सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसलं की वाटाड्याच्या गोष्टी सुरू होतात, आणि तोफांची लांबी, भुयारांची खोली, सिद्दीच्या बेगमा हे सगळं वाऱ्याप्रमाणे वाढत जातं. वाढू द्यावं. खरी गोष्ट तेवढीच अचाट आहे: १६८२मध्ये संभाजीराजांनी हा किल्ला घ्यायला किनाऱ्यापासून समुद्रात दगड टाकत वाट बांधायला काढली होती. मेहुणे हे ऐकून एकदम गंभीर झाले. भराव, लाटांचा मारा, दगडाचं वजन. बाकी मंडळी कलालबांगडी तोफेवर हात ठेवून फोटो काढत होती आणि हे तटावरून पाण्याच्या खोलीचा अंदाज घेत होते. "जमलं असतं," ते अखेर म्हणाले, "पण औरंगजेबाने मध्येच फौज पाठवली ना रायगडाकडे. काम चालू असताना असं लक्ष दुसरीकडे ओढलं की प्रकल्प रखडतोच." तीनशे चाळीस वर्षांनंतर एका निवृत्त अभियंत्याने दिलेला हा शेरा फायलीला लावून ठेवण्यासारखा आहे.

पुढे आगरदांड्याला जंगलजेटी. बोटीचं हे नाव गावोगाव रूढ आहे, जेटीचंही तेच आणि कधी कधी तिकिटाचंही. लोखंडी फळी किनाऱ्यावर खणकन आपटते आणि एक पोरगा गाड्या मागे घेत घेत आत घालायला लावतो. "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं मारा, अजून, बस!" दोन गाड्यांमध्ये दार उघडेल एवढीही जागा राहत नाही. एस.टी.तले, दुचाकीवरचे, बोकड घेऊन चाललेले, सगळे कठड्याशी येतात आणि न ठरवता गप्पा सुरू होतात. घाटावरची माणसं कोण हे इथे लगेच ओळखू येतं. ती पाण्याचे फोटो काढतात. गावची माणसं पाण्याकडे पाठ करून उभी असतात.

दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर हा टापू सौ.च्या ताब्यात होता, त्यामुळे देव आणि मोदक यांपलीकडे माझ्याकडे टिपण नाही. श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथांचं गाव. या शांत आगरातून उठून माणसाला साताऱ्याच्या राजकारणात जावंसं का वाटलं असेल, हे मात्र कळत नाही. बागमांडल्याहून बाणकोटच्या बाजूला पुन्हा बोट. बाणकोटला इंग्रजांनी फोर्ट व्हिक्टोरिया म्हटलं, आणि १७५६च्या तहात विजयदुर्ग पेशव्यांना देऊन हे ठाणं कायमचं स्वतःकडे ठेवलं. दोन्ही किल्ले पाहिल्यावर वाटतं, सौद्यात आपण जिंकलो होतो. पण खाडी त्यांना हवी होती, किल्ला नव्हे.

हर्णैला संध्याकाळी पोचावं. किनाऱ्यावर होड्यांतून टोपल्या उतरतात, वाळूवर मासळीचे ढीग लागतात आणि लिलाव पुकारला जातो, समोर सुवर्णदुर्ग. सौ.ने धीर करून एका सुरमईच्या ढिगावर बोली लावली. पुकारणाऱ्या मावशी थांबल्या, तिच्याकडे आपादमस्तक पाहिलं आणि प्रेमाने म्हणाल्या, "ताई, ही टेंपोवाल्यांची बोली. तुमचे वाटे तिकडं." वाटा घेतला. तो उत्तम निघाला.

दाभोळला मात्र रेंगाळावं असं काहीतरी आहे. बहामनी आणि आदिलशाही काळात अरबस्तान-इराणशी व्यापार करणारं हे मोठं बंदर. १५०८च्या डिसेंबर अखेरीस पोर्तुगीजांनी ते जाळलं. आता खाडीकाठी १६५९ची देखणी दगडी मशीद, थोडी दुकानं आणि पलीकडे धोपाव्याला जाणारी बोट. वाशिष्ठीच्या त्या तीरावर अंजनवेलला गोपाळगड. त्याच्या आत आंब्याची कलमं लावलेली. आणि त्याच अंगाला एन्रॉनचा वीजप्रकल्प. कंपनीने नाव घेतलं दाभोळचं, धुरांडी उभी केली गुहागर तालुक्यात. २००१मध्ये प्रकल्प बंद पडला, त्याच वर्षी अमेरिकेत मूळ कंपनीचं दिवाळं निघालं, आणि पुढे तो दुसऱ्या नावाने उभा राहिला. बोटीतून दोन्ही एका नजरेत येतात. परदेशी कंपन्या जहाजातून येतात, खाडीच्या तोंडाशी काहीतरी प्रचंड बांधतात आणि जातात, हे या किनाऱ्याला नवीन नाही. कलमं मात्र किल्ल्यात धरली.

रत्नागिरीत थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाचा राजा १८८६मध्ये इथे कैदेत आणला, १९१०मध्ये त्याच्यासाठी हा वाडा बांधून झाला, १९१६मध्ये तो वारला. वाडा सुंदर आहे आणि तिथे फार वेळ थांबवत नाही.

त्यानंतर कशेळीचा सडा. या साऱ्या किल्ल्यांना कालची पोरं ठरवणारी गोष्ट इथे जमिनीवर आडवी पडली आहे. जांभ्या कातळात कोरलेला हत्ती, सुमारे १८ मीटर लांब, आणि त्याच्या पोटात-पायांत मासे, पक्षी, जनावरं. कोकणातली ही कातळशिल्पं मध्याश्मयुगीन मानली जातात. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावकऱ्यांना विचारत विचारत, सडे पालथे घालून ती मोठ्या संख्येने उजेडात आणली. २०२२मध्ये त्यांतली काही ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. जवळ उभं राहिलं तर हत्ती दिसतच नाही. दोन बोटं खोल चर दिसतो, त्यात वाळकं गवत, मुंग्या, परवाच्या पावसाचं थेंबभर पाणी. चराच्या काठाने चालत जायचं. मग हा पाय असावा, ही सोंड, असं उलगडत जातं. ज्याने कोरला त्यालाही तो पुरा कधी दिसला नसणार. मेहुणे बऱ्याच वेळाने म्हणाले, "आखणी कशी केली असेल हो?" सबंध प्रवासात त्यांनी उत्तर माहीत नसताना विचारलेला हा एकच प्रश्न.

विजयदुर्गावर साहेबाचे ओटे दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर याने इथे दुर्बीण लावून हेलियम शोधला, असं वाटाडे सांगतात. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. त्याचं निरीक्षण त्याच ऑक्टोबरमधलं, घरच्याच आकाशातलं. पण ग्रहणाची सावली इथून गेली हे खरं, आणि दर १८ ऑगस्टला इथे हेलियम दिन साजरा होतो हेही खरं. ज्या गावाच्या किल्ल्यावर क्लाइव्ह आणि वॉटसन चालून आले, त्याला एक वायू पदरात पडला तर मी हिशेब तपासायला बसणार नाही.

खाड्यांवर आता पुलांची कामं निघाली आहेत. व्हायलाच हवीत. रात्री शेवटची बोट गेल्यावर अडलेल्या बाळंतिणीला 'बसा जरा' सांगता येत नाही. पण ज्यांना नुसतं हिंडायचं आहे त्यांनी पूल व्हायच्या आत एकदा जाऊन यावं, आणि घाईच्या माणसाला मुद्दाम बरोबर न्यावं. शेवटच्या बोटीची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा. जंजिऱ्याच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, तेव्हा दिवाळीनंतर निघालेलं बरं.